कोकणच्या पावसात लाकडी घर टिकेल का?

मे महिन्यात मी मामांकडे गेलो होतो. रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वरच्या बाजूला एका वाडीत त्यांचे जुने कौलारू घर आहे. चहा झाल्यावर मामांनी माझ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला, पडवीच्या कोपऱ्यातील खांबाकडे नेले आणि म्हणाले, "बुंध्याशी जरा टोचून बघ."

खांब ऐनाचा, चांगला सहा इंच जाड. वरून अगदी ठणठणीत दिसत होता. पण बुंध्याशी टोचताच ते हत्यार चार बोटे आत गेले. आतले लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे झाले होते.

हा खांब आजोबांनी उभा केला, तेव्हापासून साठ वर्षे त्याला काही झाले नव्हते. पंधरा वर्षांपूर्वी अंगणात फरशी घातली, तेव्हा तो अधिक 'मजबूत' व्हावा म्हणून त्याच्या पायाभोवती सिमेंट-काँक्रीट ओतले गेले. ही सूचना कोणाची? पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या भाच्याची, म्हणजे माझीच!

मामांना आता शेजारच्या जागेत लहानसे नवे घर बांधायचे आहे. सगळे म्हणतात, स्लॅब घाला. मामांच्या मनात मात्र लाकडाचे घर आहे. ते मला म्हणाले, "या खेपेला आधी विचार कर आणि मग सांग. लाकूड इथल्या पावसात टिकेल की नाही?"

विद्यार्थी मित्रांनो, तो विचार मी कसा केला, तेच तुम्हांला सांगणार आहे. त्यासाठी लाकडाचे दोनच गुणधर्म नीट समजून घ्यावे लागतात. पहिला, लाकडाला दिशा असते. दुसरा, लाकूड पाणी पिते आणि परत सोडते.

नळ्यांची मोळी

झाडाच्या खोडाला दोन कामे करावी लागतात. मुळांनी शोषलेले पाणी शेंड्यापर्यंत पोचवायचे आणि फांद्यापानांचा भार पेलून वाऱ्यात उभे राहायचे. म्हणून खोड हे असंख्य सूक्ष्म, लांबट नळ्यांचे बनलेले असते. या नळ्यांच्या भिंतींत सेल्युलोजचे चिवट धागे असतात आणि लिग्निन नावाचा पदार्थ त्यांना एकमेकांशी घट्ट धरून ठेवतो. गवताच्या काड्यांची मोळी करून ती डिंकाने चिकटवली, तर जे तयार होईल ते लाकडासारखेच असेल.

आता ही मोळी काड्यांच्या दिशेने ओढून पाहा. काड्या तुटल्याशिवाय ती तुटणार नाही. आडवी ओढली तर मात्र डिंक सुटला की संपले. लाकडाचेही तसेच आहे. रेषांच्या दिशेने ते जेवढा ताण सहन करते, त्याच्या दहाव्या-विसाव्या हिश्श्याएवढा ताणही आडव्या दिशेने सहन करत नाही. जळणाचा ओंडका कुऱ्हाडीच्या एका घावात उभा फुटतो, पण आडवा तोडायला पुष्कळ घाव लागतात, त्याचे कारण हेच. तेव्हा घराच्या आराखड्यातील पहिला नियम असा : प्रत्येक खांबात, तुळईत आणि वाशात भार रेषांच्या दिशेने वाहिला पाहिजे.

तुळई उभी की आडवी?

एक प्रयोग करा. लाकडाची किंवा प्लॅस्टिकची फूटपट्टी दोन पुस्तकांवर पुलासारखी ठेवा आणि मध्यावर बोटाने दाबा. पट्टी सहज वाकेल. आता तीच पट्टी कडेवर उभी धरून दाबा. ती जवळजवळ वाकतच नाही. लाकूड तेवढेच, वजन तेवढेच, मग फरक कशाने पडला?

तुळई वाकते तेव्हा तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. मधल्या भागाला फारसे काम नसते. वरचा आणि खालचा थर एकमेकांपासून जितके दूर, तितका त्यांचा विरोध परिणामकारक. हिशोब केला तर असे दिसते, की तुळईचा ताठपणा तिच्या रुंदीच्या प्रमाणात वाढतो, पण उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. पट्टी ३ सेंटिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड असेल, तर उभी धरल्यावर तिचा ताठपणा शंभर पट होतो.

मामांच्या माळ्यासाठी मी हा हिशोब मांडला. तुळई १० सेंटिमीटर × २० सेंटिमीटर, दोन खांबांमधील अंतर ३ मीटर, आणि माणसे, सामान, फळ्या मिळून तुळईच्या दर मीटरवर सुमारे ३५० किलो भार. तुळई उभी बसवली तर ती मध्यावर सुमारे ६ मिलिमीटर झुकते. हे डोळ्यांना दिसतही नाही. तीच आडवी बसवली तर सुमारे २३ मिलिमीटर झुकेल आणि चालताना माळा हलेल.

अंतराचा परिणाम तर याहूनही मोठा आहे. भार सर्व लांबीवर सारखा पसरलेला असेल, तर झुकाव लांबीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. खांबांमधील अंतर ३ ऐवजी ४ मीटर केले, की ६ मिलिमीटरचे जवळजवळ १९ मिलिमीटर होतात. आपल्याकडे जुनी घरे 'तीन खणी', 'पाच खणी' अशी खणांत मोजत. दोन खांबांमधील अंतर बेताचे ठेवायचे आणि घर मोठे हवे असेल तर खण वाढवायचे, ही पद्धत या हिशोबाशी अगदी जुळते.

दार पावसाळ्यात का अडते?

आता दुसरा गुणधर्म. नुकत्याच तोडलेल्या लाकडात दोन प्रकारचे पाणी असते. काही नळ्यांच्या पोकळीत मोकळे असते, काही नळ्यांच्या भिंतींत मुरलेले असते. लाकूड वाळू लागले की आधी मोकळे पाणी निघून जाते. तोपर्यंत लाकडाचा आकार बदलत नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी उरले, की भिंतींतले पाणी सुटू लागते आणि तेथून लाकूड आक्रसायला सुरुवात होते.

पण ते सर्व बाजूंनी सारखे आक्रसत नाही. लांबीत होणारा बदल एवढा थोडा, की तो सोडून दिला तरी चालतो. रुंदीत मात्र तो चांगलाच जाणवतो. खोडाच्या वर्तुळाकार कड्यांच्या दिशेने होणारे आकुंचन गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आकुंचनाच्या साधारण दुप्पट असते. सागासारखे शांत स्वभावाचे लाकूडसुद्धा ओल्याचे पूर्ण कोरडे होताना एका दिशेने सुमारे अडीच टक्के आणि दुसऱ्या दिशेने साडेपाच-सहा टक्के आक्रसते.

आणि ही देवघेव लाकूड कापल्यावरही थांबत नाही. उन्हाळ्यात घरातील लाकडात ११-१२ टक्के ओल असते, पावसाळ्यात ती १७-१८ टक्क्यांवर जाते. एवढ्या फरकाने अखंड फळ्यांचे ९० सेंटिमीटर रुंद दार ५ ते १२ मिलिमीटर फुगते. मग ते चौकटीत अडणार नाही तर काय होणार? सुतार जाड चौकट करून तिच्या खाचेत पातळ फळी सैल बसवतात आणि ती खिळ्यांनी जखडत नाहीत. फळीला फुगायला तेथे जागा ठेवलेली असते. मामांच्या नव्या घरात भिंतींच्या फळ्याही अशाच खाचेत बसतील.

तुम्ही विचाराल, पावसाळ्यात हवा एवढी दमट असते, तर लाकूड कुजत का नाही? लाकूड आपोआप कुजत नाही, ते बुरशी खाते. बुरशीला अन्न, हवा आणि पाणी तिन्ही लागतात. लाकडातील ओल २० टक्क्यांच्या खाली असेल, तर बुरशी वाढू शकत नाही. उलट लाकूड पूर्णपणे पाण्यात बुडालेले असेल, तर हवेअभावी तिची वाढ खुंटते. व्हेनिस शहराच्या इमारतींखालचे लाकडी खुंट शतकानुशतके टिकले आहेत ते म्हणूनच. छपराखाली, वाऱ्यावर असलेल्या लाकडात पावसाळ्यातही १७-१८ टक्केच ओल असते, म्हणजे ते धोक्याच्या रेषेच्या जरासे खाली राहते. ही रेषा ओलांडायला नुसती दमट हवा सहसा पुरत नाही. तेथे प्रत्यक्ष पाणी यावे लागते आणि येऊन साचून राहावे लागते.

खांबाचा पाय

माझी चूक आता तुमच्या ध्यानात आली असेल. नळ्यांची तोंडे उघडी पडतात ती लाकडाच्या कापलेल्या टोकाशी. पाणी तेथून केशाकर्षणाने वर चढते. खांबाचे खालचे टोक म्हणजे पाणी पिण्यासाठी उघडलेली असंख्य तोंडेच. आजोबांनी खांब तळखड्यावर, म्हणजे दगडी बैठकीवर, उभा केला होता. दगडावर पडलेले पाणी वाहून जाई आणि बुंधा चारही बाजूंनी वाऱ्यावर वाळे. मी त्याच्याभोवती काँक्रीटचा पेला केला. काँक्रीट आणि लाकूड यांच्यामध्ये पहिल्याच उन्हाळ्यात फट पडली, कारण लाकूड आक्रसले. पावसाळ्यात त्या फटीत पाणी शिरले. ते बाहेर पडायला वाट नव्हती आणि वाळायला वारा नव्हता. बुरशीला याहून चांगली जागा कोठे मिळणार?

ही चूक करणारा मी पहिलाच नव्हे. नॉर्वेमध्ये मध्ययुगात लाकडी चर्चे बांधली गेली. त्यांतील सर्वांत जुन्या इमारतींचे खांब जमिनीत पुरलेले होते. ते कुजले आणि त्या इमारती नाहीशा झाल्या. पुढे तेथील कारागिरांनी दगडी पायावर लाकडी पट्ट्या टाकून त्यांवर खांब उभे केले. बाराव्या शतकाच्या अखेरीस अशा पद्धतीने बांधलेले बोरगुंड येथील चर्च आजही उभे आहे.

मामांच्या आराखड्यात म्हणून जांभ्या दगडाचे जोते दीड फूट उंच आहे. पागोळ्यांचे पाणी अंगणात आदळून उडते, ते लाकडापर्यंत पोचू नये एवढी ती उंची आहे. जोत्यावर जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी बैठका आणि त्यांवर खांब. खांबाचे टोक दगडापासून दोन-अडीच सेंटिमीटर वर अधांतरी राहील, म्हणजे त्याखालून वारा खेळेल.

या फटीचा आणखी एक उपयोग आहे. वाळवी उजेड आणि कोरडी हवा टाळते, म्हणून ती जमिनीतून वर येताना मातीचे बोगदे बांधत येते. फट उघडी असली की बोगदा लगेच नजरेस पडतो आणि झाडूने मोडता येतो. शिवाय खांबांसाठी ओंडक्याच्या गाभ्याचे गडद लाकूडच घ्यायचे. सालीलगतचे फिकट लाकूड वाळवी आणि बुरशी आधी खातात. छपराखालच्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक आम्ल यांच्या द्रावणाचा उपयोग होतो. पावसात मात्र ते धुऊन जाते. न्हाणीघर आणि मोरीच्या भिंती सरळ जांभ्याच्याच. रोजच्या पाण्याशी लाकडाची गाठ कशाला घालून द्यायची?

छप्पर किती पुढे काढावे?

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तोही सरळ पडत नाही. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे ८ मीटर वेगाने खाली येतो. वारा सेकंदाला ८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २९ किलोमीटर असेल, तर थेंब जेवढा खाली येतो तेवढाच आडवा सरकतो. म्हणजे पाऊस ४५ अंशांत तिरपा पडतो. अशा पावसात छप्पर भिंतीपुढे १ मीटर काढले, तर वरची १ मीटर भिंतच कोरडी राहील. पावणेतीन मीटर उंचीची भिंत कोरडी ठेवायची, तर छप्परही सुमारे तेवढेच पुढे काढायला हवे. याचेच नाव पडवी! घराच्या पावसाकडच्या बाजूंना पडवी का असते, हे कागदावर त्रिकोण काढला की लगेच कळते.

आता वाऱ्याचा दुसरा उद्योग पाहू. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून अधिक होता. कितीतरी घरांची छपरे उडून गेली. छप्पर वाऱ्याने 'ढकलले' असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा ते वर ओढले जाते. छपरावरून वेगाने वाहणाऱ्या हवेचा दाब कमी होतो आणि घरात शिरलेली हवा आतून वर रेटते. वाऱ्याचा वेग सेकंदाला v मीटर असेल, तर हा दाब दर चौरस मीटरला साधारण ०.६ × v² न्यूटन या सूत्राने अजमावता येतो. वेग सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर धरला, तर उत्तर येते ५४० न्यूटन, म्हणजे सुमारे ५५ किलो वजनाएवढा जोर. पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला जेमतेम ५ किलो. रीपांसकट मंगलोरी कौलांचे साठेक किलो. पत्रा उडणारच. कौलेही कशीबशी बसून राहतील. पाख्यांच्या कडांशी आणि आढ्यापाशी ओढ याहून जास्त असते, तेथे तीही उचलली जातील.

लाकडी घराचा हलकेपणा एरवी मोठा गुण आहे. १२ सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीट स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २९० किलो असते. फळ्या आणि आधाराच्या तुळया धरून लाकडी तक्तपोशीचे सुमारे ३५ किलो. भूकंपात घरावर येणारे बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. वस्तुमान कमी, तर बलही कमी. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्या डोंगरांपलीकडे झाला, त्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना हे महत्त्वाचे आहे. पण भूकंपातला हा गुण वादळात दोष ठरतो. म्हणून छप्पर वरून नुसते ठेवून भागत नाही, ते खाली बांधून ठेवावे लागते. वासा तुळईला, तुळई खांबाला, खांब पोलादी बैठकीला आणि बैठक जोत्यात गाडलेल्या सळईला, अशी ही साखळी आहे. तिच्यातील एक कडी राहिली, तर बाकीच्या सगळ्या फुकट.

आग लागली तर?

मामींची शंका आगीची होती आणि ती रास्त आहे. लाकूड जळते. पण काडी आणि ओंडका सारखे जळत नाहीत. जाड लाकूड पेटले की बाहेरून कोळसा होतो. हा कोळसा उष्णतेचा मंदवाहक असल्याने आतले लाकूड सावकाश तापते. पाइनसारख्या लाकडात ही जळण्याची रेषा मिनिटाला सुमारे ०.७ मिलिमीटर आत सरकते. म्हणजे अर्ध्या तासात २ सेंटिमीटर. १५ सेंटिमीटर जाडीच्या खांबाचा ११ सेंटिमीटर जाड गाभा तेव्हाही शाबूत असतो. घरातील माणसे तोवर बाहेर पडू शकतात. पोलाद जळत नाही, पण ५५०-६०० अंश सेल्सिअसला त्याची जवळजवळ निम्मी ताकद जाते. अर्थात पातळ फळ्या आणि रीपा झटपट पेट घेतात. म्हणून स्वयंपाकघराची चुलीमागची भिंतही दगडी ठेवली आणि विजेच्या तारा पाइपातून नेल्या.

लाकूड आणायचे कोठून?

मोठ्या तुळयांसाठी मोठे झाड हवे आणि ते वाढायला पन्नास-साठ वर्षे लागतात. यावर तंत्रज्ञांनी युक्ती काढली. १९०६ साली जर्मनीत ओटो हेट्झर यांनी लहान फळ्या एकावर एक चिकटवून मोठी तुळई करण्याचे पेटंट घेतले. १९९० नंतर ऑस्ट्रिया आणि जर्मनीत फळ्यांचे थर उभे-आडवे चिकटवून जाड, मोठे तक्ते तयार होऊ लागले. एका थराची कमजोर दिशा ही शेजारच्या थराची बळकट दिशा असते. अशा प्रकारच्या लाकडाचा सांगाडा करून नॉर्वेत २०१९ मध्ये म्योसतोर्नेत ही ८५.४ मीटर उंचीची इमारत उभी राहिली. आपल्याकडेही केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने १९९३ मध्ये आपल्या इमारतींत लाकूड वापरण्यावर घातलेली बंदी २०२० मध्ये उठवली.

मामांच्या घराला मात्र झाड तोडावे लागणार नाही. जुन्या घराची मागची बाजू उतरवायची आहे. तिच्यातून सुमारे ५ घनमीटर चांगले लाकूड निघेल. ते इतकी वर्षे मुरलेले आहे. आता ते वेडेवाकडे होण्याची भीती थोडीच. कोरड्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा भाग कार्बन असतो. घनमीटरला ७०० किलो धरले, तर ५ घनमीटरमध्ये सुमारे १७५० किलो कार्बन झाला. झाडांनी तो हवेतील सहा टनांहून अधिक कार्बन डायॉक्साइडमधून घेतला होता. लाकूड कुजले किंवा जाळले तर तो हवेत परत जाईल. घर टिकले, तर तो घरातच राहील.

आराखडा घेऊन आम्ही गावच्या सुतारकाकांकडे गेलो. त्यांनी तो दोनदा उलटसुलट पाहिला आणि खांबाखालच्या फटीवर बोट ठेवून म्हणाले, "पाणी येणारच. त्याला जायला वाट ठेवलीत, हे बरे केलेत." मग त्यांनी पडवीचा तो खांब खालून धिरे देऊन तोलला, काँक्रीट फोडले, कुजलेला हातभर भाग कापून टाकला आणि त्या जागी जांभ्याचा चिरा बसवला. खांबाचा वरचा भाग अजून तितकाच टणक आहे.

तुम्हीही एक निरीक्षण करून पाहा. घरातल्या एखाद्या लाकडी दाराची किंवा पाटाची रुंदी आणि लांबी मे महिन्यात मोजा आणि ऑगस्टमध्ये पुन्हा मोजा. रुंदी किती वाढली? लांबी वाढली का? लाकडाचा एक तुकडा रंगीत पाण्यात टोकावर उभा ठेवा आणि दुसरा आडवा ठेवा. तासाभराने रंग कोणत्या तुकड्यात अधिक चढला, ते पाहा. आणि गावाकडे जुने घर असेल, तर त्याचे खांब कशावर उभे आहेत, ते वाकून पाहायला विसरू नका.